मोजून होईपर्यंत गप्प

लहान मुलांना आगीबद्दल शिकवायचं तर घाबरवून चालत नाही, आणि नुसतं हसवून सोडलं तरी भागत नाही. या दोन्हींच्या मधली नेमकी जागा धूरताईंना सापडली होती, आणि ती सापडल्याचा त्यांना मनातल्या मनात गर्वही होता.

त्यांचं खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं होतं. वस्तीच्या केंद्रात त्या सुरक्षेचे वर्ग घेत. नाटकवाल्यांकडून आणलेलं धुराचं यंत्र त्यांच्यापाशी होतं, म्हणून पोरांनी त्यांना धूरताई करून टाकलं. केंद्राच्या मागच्या दालनात प्लायवुडच्या भिंती उभारून त्यांनी एक खोटं घर बांधलं होतं. त्यात एक पलंग, एक ओटा, एक दार. मुलांच्या कमरेच्या उंचीवर एक दोरी ताणलेली आणि तिला बारीक घंटा बांधलेल्या. रांगताना कुणाचं डोकं वर गेलं की घंटा वाजत, आणि बाहेर थांबलेली पोरं आनंदाने बोंब ठोकत, "गेला! हा गेला!" गरम धूर वर चढतो आणि श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत उरते, हे कितीही समजावलं तरी जे डोक्यात शिरत नाही, ते त्या घंटांनी एका दिवसात शिरे.

शनिवारी मुलं, बुधवारी म्हातारी माणसं. दोघांचे धडे वेगळे. मुलांनी खाली वाकायचं, दार गाठायचं, मागे दार ओढून घ्यायचं आणि थेट बाहेर पडायचं. म्हाताऱ्यांनी जिन्याच्या वाटेला जायचं नाही. धुरात जिना उतरताना म्हातारं माणूस पडतं आणि आगीपेक्षा जास्त त्या पडण्यानेच जायबंदी होतं. त्यांनी आपल्या खोलीचं दार लावायचं, फटीत ओलं फडकं कोंबायचं, खिडकीशी बसायचं, आरडाओरडा करून दम घालवायचा नाही आणि सोडवायला येणाऱ्यांची वाट पाहायची. दोन्ही धडे आपापल्या जागी चोख होते. ते एकाच घरात, एकाच वेळी लागू पडतील तेव्हा काय होईल, हे मात्र धूरताईंनी कधी करून पाहिलं नव्हतं.

आणि ते झालं.

वर्गातली एक मुलगी, वय आठेक वर्षं, तोंडाची टकळी सतत चालू, म्हणून घरीदारी सगळे तिला रेडिओ म्हणत. ती, तिची आई आणि आईची आई अशा तिघी तिसऱ्या मजल्यावर राहत. एका दुपारी स्वयंपाकघरात फ्रीजच्या मागे वायर जळाली आणि घर धुराने भरलं. आई कामावर होती. रेडिओ खाली वाकली, दार गाठलं, मागे ओढून घेतलं आणि बाहेर पडली. आजी आपल्या खोलीत होती. तिने दार लावलं, ओला टॉवेल फटीत कोंबला आणि वाट पाहत बसली. तिची खिडकी मागच्या बोळात उघडते, तिथे कुणी फिरकत नाही. आजी आत आहे हे खाली कुणाला कळलंच नाही. आई धावत आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला तेव्हा कुठे अग्निशामक दलाचे लोक पुन्हा वर गेले. तोवर बराच धूर आजीच्या छातीत गेला होता. आजी वाचली, पण इस्पितळातून बाहेर आली ती प्राणवायूचं यंत्र सोबत घेऊन.

हे सगळं धूरताईंना दुसऱ्यांच्या तोंडून कळलं, आणि कळलं तेही उलट्या टोकाने. केंद्राचे व्यवस्थापक त्यांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले, चेहरा उजळलेला. त्यांना सगळे आटपासाहेब म्हणत, कारण त्यांचं कुठलंही वाक्य त्या शब्दावर येऊन थांबे.

"ताई, आपल्या वर्गातली पोरगी! अगदी शिकवल्याबरहुकूम बाहेर आली म्हणे. वार्षिक कार्यक्रमात तिचा सत्कार करू. ती स्टेजवर करून दाखवेल, कशी रांगली, कशी आली. तुम्ही घरी जाऊन बोलवून या. आजच. आटपा."

"तिच्या आजीला लागलंय ना पण?"

"अहो, आजी वाचली की! दोघी वाचल्या. आणखी काय पाहिजे?"

रेडिओचं घर राहण्याजोगं उरलं नव्हतं, म्हणून तिघी मामाकडे राहायला आल्या होत्या. दार मामानेच उघडलं.

"या, या ताई! तुमचंच नाव काढत होतो. तुम्ही होतात म्हणून आमचा रेडिओ धड बाहेर आला. फक्त आता स्टेशन लागत नाही." त्याने आत हाक मारली, "ए रेडिओ! तुझ्या बाई आल्यात, जरा आवाज कर!"

रेडिओने आवाज केला नाही. ती बाल्कनीत बसून कठड्याच्या रंगाचे पोपडे नखाने काढत होती.

आईने धूरताईंचे दोन्ही हात धरले. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. "तुमच्यामुळे पोरगी हाती लागली माझ्या. आता आईचं असं झालं, ते काय... ही घाबरली होती हो. खालच्या दुकानवाल्याने विचारलं तिला, आत कोण आहे का. तोंडच उघडलं नाही. लोकांना वाटलं एकटीच होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, आज बुधवार, आजी केंद्रात गेली असेल. तुमच्या वर्गाला. आईचे नेमके गुडघे दुखत होते त्या दिवशी."

धूरताईंना तो बुधवार आठवला. पुढच्या रांगेत आजीची खुर्ची रिकामी होती आणि त्यांनी तिच्यावर हजेरीची पिशवी ठेवली होती.

"नेहमी पोपटासारखी बोलते," मामा म्हणाला, "आणि नेमकी गरज होती तेव्हा मुकी झाली. आता काय बोलणार!" तो हे वाईट हेतूने म्हणत नव्हता. पण बाल्कनीतलं नख थांबलं, हे धूरताईंनी पाहिलं.

आतल्या खोलीतून घोगरा आवाज आला, "आलीस का गं धूरवाली? ये, बघून जा तुझी विद्यार्थिनी." आजी उशांना टेकून बसली होती. नाकाला नळी, बाजूला यंत्राची घरघर. "शिकवलंस तसंच केलं हो मी. टॉवेल ओला करायला नळ कुठे खोलीत? औषध घ्यायला ठेवलेलं पाणी ओतलं. वर शहाण्यासारखी गप्प बसले. जन्मात पहिल्यांदा गप्प बसले आणि ते असं अंगाशी आलं." ती हसली, हसण्याचा खोकला झाला आणि तो थांबायला बराच वेळ गेला. "पोरगी माझ्या खोलीत येत नाही," खोकला ओसरल्यावर ती हळूच म्हणाली. "दारापर्यंत येते, परत जाते. तूच विचार तिला."

धूरताई बाल्कनीत जाऊन तिच्याशेजारी खाली बसल्या. सत्काराचं काढावं की नको, असा विचार करत होत्या, तेवढ्यात रेडिओनेच तोंड उघडलं.

"ताई, कुणी मोजलंच नाही."

"काय नाही मोजलं, बाळा?"

"मला. आमच्या खाली झाड नाहीये, म्हणून मी विजेच्या खांबाखाली उभी राहिले. सरळ. मग कुलूप लावलं." तिने ओठांपाशी बोटांनी किल्ली फिरवली आणि ती खिशात टाकल्यासारखी केली. "दुकानवाले काका विचारत होते. पण ते मोजत नव्हते. आणि 'उघडा' कुणी म्हणालंच नाही. मला वाटलं, आता मोजतील, मग उघडा म्हणतील, की लगेच सांगू आजी आत आहे."



"आईला सांगितलंस हे?"

"नाही. आई म्हणते मी घाबरले होते, म्हणून सुचलं नाही." तिने एक पोपडा कठड्यावरून खाली टाकला आणि तो पडेपर्यंत बघत राहिली. "पण मी नव्हते घाबरले. घाबरले असते तर बरं झालं असतं ना, ताई? घाबरलं की ओरडतात."

आतून मामाने चहाला बोलावलं. धूरताई उठल्या, चहा घेतला, आईशी दोन शब्द बोलल्या. आई पुन्हा एकदा म्हणाली, "तुमचे उपकार," तेव्हाही त्या काही बोलल्या नाहीत. पायऱ्या उतरून रस्त्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की सत्काराचं सांगायचं राहिलं, आणि दुसरंही सांगायचं राहिलं. पहिलं त्या खरोखर विसरल्या होत्या.

तोंडाला कुलूप हा कुठल्याही पुस्तकातला नियम नव्हता. वर्ग सुरू केले तेव्हा मुलं बाहेर येऊन इतका कालवा करत की मोजताना आकडा चुके. एकदा तर घरी निघून गेलेल्या एका मुलीला त्या रिकाम्या प्लायवुडच्या घरात शोधत बसल्या होत्या. त्यानंतर त्यांनी ते काढलं: बाहेर आलं की झाडाखाली रांग, तोंडाला कुलूप, आणि मी मोजून 'उघडा' म्हणेपर्यंत गप्प. मुलांना किल्लीचा खेळ भारी आवडला. ताईंना शांतता आवडली. त्यांच्या सोयीची गोष्ट त्यांनी आगीच्या नियमांच्या रांगेत नेऊन बसवली, आणि मुलांना त्यातला फरक कळावा तरी कसा? त्यांना तर सगळे नियम एकाच आवाजात, एकाच गळ्यातून आले होते.

रस्ताभर त्या स्वतःशी हुज्जत घालत राहिल्या. एका मुलीचं उदाहरण म्हणजे नियमाची चूक नव्हे. पोर लहान आहे, तिने नंतर मनानेच असं जुळवलं असेल. आणि हे नक्की कळायचं असेल, तर तपासून पाहायला हवं. तपासून पाहायचं म्हटल्यावर त्यांना जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लगेच लाजही वाटली.

शनिवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी त्यांनी केंद्रातल्या झाडलोट करणाऱ्या मावशींना खोट्या घरातल्या पलंगावर झोपायला सांगितलं.

"झोपायचे पैसे वेगळे मिळतात का?" मावशी म्हणाल्या, पण झोपल्या.

यंत्र सुरू झालं. मुलं एकामागून एक आत शिरली. धूर दाट असला तरी पलंग वाटेतच होता, प्रत्येकजण मावशींच्या अंगाजवळून रांगत गेला. एकाने तर त्यांच्या लोंबत्या हाताला हात लावून पाहिला. मुलं बाहेर आली, दार ओढून घेतलं, झाडाखाली रांग लागली. किल्ल्या फिरल्या. अंगणात इतकी शांतता पसरली की यंत्राचा फुसफुसाट ऐकू येऊ लागला.

धूरताई काही बोलल्या नाहीत. मोजलंही नाही. नुसत्या उभ्या राहिल्या.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. दोघीतिघींनी माना वळवून दाराकडे पाहिलं. लोंबत्या हाताला हात लावलेला मुलगा एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता, डोळे मोठे झालेले, गाल फुगलेले. त्याच्या तोंडात ते वाक्य तयार होतं, हे कुणालाही दिसलं असतं. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. चांगला मुलगा होता तो. सगळीच चांगली मुलं होती. धूरताई मनात म्हणत होत्या, बोल रे, मोड एकदा माझा नियम, ओरड. वाट पाहून पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण कुणीही बोललं नाही.

शेवटी आतूनच आवाज आला, "अहो ताई! मला कुणी काढणार आहे, का आता इथेच म्हातारी होऊ?"

मुलं खो खो हसत सुटली. धूरताईंनी यंत्र बंद केलं.

त्या दिवशी त्यांनी मुलांना नवीन धडा दिला. बाहेर आलं की जो पहिला मोठा माणूस दिसेल त्याला गाठायचं, त्याचा हात ओढायचा आणि आत कोण आहे ते ओरडून सांगायचं. त्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला. रांग नंतर, मोजणं नंतर. मुलांनी हौसेने इतकं ओरडून घेतलं की आटपासाहेब कचेरीतून धावत आले.

धूरताईंनी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा आखडत गेला.

"हे दुसऱ्या कुणाला बोललात?"

"अजून नाही."

"मग नका बोलू. नियम बदललात ना? झालं. सत्कार नको म्हणता, नको. पण त्या घरी जाऊन 'आमचंच चुकलं' म्हणून सांगायची काय गरज? आज ती माणसं तुमचं नाव घेतात. उद्या बोट दाखवतील. परवा पोरं पाठवायचं बंद होईल, मग पुढच्या आगीत कोण वाचवणार त्यांना? सोडा. आटपा."

यातलं सगळंच चूक नव्हतं, हाच तर त्रास होता. आणि त्याहून मोठा त्रास दुसराच होता, तो आटपासाहेबांना सुचलाही नव्हता. रेडिओला सांगायचं तर काय सांगायचं? तुझी चूक नव्हती, नियमच चुकीचा होता. आणि नियम चुकीचा होता म्हणजे? म्हणजे तू बोलली असतीस तर आजी लवकर बाहेर आली असती. आजवर हे कुणी त्या मुलीच्या तोंडावर म्हटलं नव्हतं. तिला दोषातून सोडवायचं, तर तोच दोष आधी तिच्या हातात द्यावा लागणार होता. सगळे म्हणतात तसं, घाबरली बिचारी, असंच राहू दिलं तर? पण मुलीला ठाऊक होतं की ती घाबरली नव्हती. त्या खोट्या गोष्टीत ती एकटीच राहत होती.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा मामाच्या दारात उभ्या राहिल्या. या वेळी चहा नको म्हणाल्या. आजीच्या खोलीच्या दाराशी खुर्ची घेतली, आईला बोलावलं, मामा आपण होऊन येऊन उभा राहिला. रेडिओ उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून होती, तिला आत ये असं त्यांनी म्हटलं नाही.

"ती घाबरून गप्प बसली नव्हती," त्या म्हणाल्या. "मी शिकवलं होतं म्हणून गप्प बसली." आणि मग झाड, रांग, कुलूप, 'उघडा', सगळं सांगितलं. हा नियम आगीसाठी नव्हता, मला मोजायला सोपं जावं म्हणून होता, हेही सांगितलं. मावशींना पलंगावर झोपवल्याचं सांगितलं. "एकही मूल बोललं नाही. तिच्या जागी कुणीही असतं, तर असंच झालं असतं."

मामाने एकदा भाचीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

आईचा आवाज अगदी सपाट होता. "परवा आलात तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?"

"तेव्हाच कळलं. तिनेच सांगितलं."

"आणि मी तुमचे हात धरून उपकार मानत होते. तुम्ही चहा प्यालात."

"हो."

"हो काय, हो काय!" आई उठून उभी राहिली.

"ताई," उंबऱ्याबाहेरून आवाज आला. रेडिओ भिंतीपासून सुटून पुढे आली होती. "म्हणजे मी ओरडायला हवं होतं?"

हाच तो प्रश्न होता. धूरताईंनी त्याची उत्तरं घोळवून ठेवली होती, लांबलचक, मऊ. त्यातलं एकही त्यांना आठवेना.

"हो," त्या म्हणाल्या. "ओरडायला हवं होतंस. आणि हे तुला मी शिकवायला हवं होतं. मी उलटं शिकवलं."

मुलीचं तोंड वेडंवाकडं झालं. क्षणभर वाटलं ती रडणार. पण ती रडली नाही, ती भडकली. "मग कशाला शिकवलंत!" ती किंचाळली. "मला माहीत होतं! मला माहीत होतं आजी आत आहे! मी सांगणार होते! तुम्हीच म्हणालात गप्प! तुम्ही मोजायला पण आला नाहीत!" ती आत शिरली ती सरळ आजीच्या पलंगापर्यंत, आणि तिथून वळून पुन्हा धूरताईंवर तुटून पडली. शब्द एकमेकांवर आदळत होते, धड लागत नव्हते, पण थांबत नव्हते. आजीने नळी बाजूला सारून तिचा फ्रॉक मागून धरून ठेवला होता, पडू नये म्हणून, पण तिला गप्प केलं नाही.

धूरताई ऐकत राहिल्या. यासाठीच आपण आलो होतो हे त्यांना ठाऊक होतं. ते इतकं लागेल हे मात्र ठाऊक नव्हतं.

"तुम्ही आता जा," आई म्हणाली. दार तिनेच उघडलं. "आईचं मी तुम्हाला माफ करेन का, माहीत नाही. आज तरी नाही."

आतून आजीचा घोगरा आवाज आला, "बाई, बुधवारची माझी खुर्ची ठेव. मला तुझ्याशी भांडायचंय, इथे दम पुरत नाही." आईने दार लावलं. बंद दारातून मुलीचा आवाज येतच होता. आता ती आजीला सांगत होती, खांबाखाली ऊन किती होतं, दुकानवाले काका काय म्हणाले, कुठून धूर दिसत होता. सगळं पहिल्यापासून.

धूरताई जिन्यातच थांबल्या. कुलूप फक्त केंद्रात शिकवलं असतं तर गोष्ट वेगळी. त्यांनी ते आसपासच्या शाळांतूनही जाऊन शिकवलं होतं. किल्ली फिरवणारी किती मुलं कुठल्या कुठल्या घरांत असतील, याचा त्यांना अंदाजही करवेना. त्यांनी फोन काढला आणि यादीतली पहिली शाळा लावली. मुख्याध्यापिकेने उत्साहाने उचलला.

"बोला ताई! कधी येताय पुन्हा?"

"या आठवड्यातच यायचंय. सगळे वर्ग एकत्र मिळाले तर बरं. नवीन काही नाही. तोंडाला कुलूप शिकवलं होतं ना, ते चुकीचं होतं. ते काढून टाकायचंय."



"चुकीचं?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "अहो, तुमच्या सगळ्या शिकवण्यातलं तेवढंच तर टिकलंय. आमच्या बाई रोज वापरतात. एक किल्ली फिरवली की शाळा चिडीचूप. ताई, बाकी हवं ते बदला, पण तेवढं राहू द्या की!"

"नाही," धूरताई म्हणाल्या. "उद्या सकाळी येते. शाळेच्या दाराशीच थांबेन, येईल त्या मुलाला सांगेन."